बटण दाबल्यावर पुढे काय? डिझाइनपासून चालत्या प्रोटोटाइपपर्यंत, एआयच्या मदतीनं

मागच्या वर्षी एका बचत गटासाठी मोबाइल ॲप आखत होते. चौदा बायकांचा गट, महिन्याला २०० रुपये बचत, गरजेला गटातूनच कर्ज, त्यावर दरमहा २ टक्के व्याज. फिग्मात (स्क्रीनची डिझाइन काढायचं टूल) अकरा स्क्रीन काढल्या, बाणांनी एकमेकींना जोडल्या आणि महिन्याच्या बैठकीत कोषाध्यक्ष ताईंच्या हातात फोन दिला. पहिल्या दोन स्क्रीन सुरळीत गेल्या. तिसऱ्या स्क्रीनवर एका सदस्येच्या नावापुढे ८०० रुपये असा आकडा मीच टाकून ठेवला होता. ताई म्हणाल्या, "हिनं आज पाचशेच आणलेत. ते कुठं लिहू?"

लिहायला जागाच नव्हती, कारण ते चित्र होतं. ताईंनी फोन बाजूला ठेवला, नोंदवही उघडली आणि बाकीची बैठक नेहमीसारखी वहीवर झाली. ॲपबद्दलचा सगळ्यात मोलाचा प्रश्न त्या दिवशी विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर ताईंबरोबर बसून शोधता येईल असं माझ्या हातात काहीच नव्हतं.

तेव्हापासून मी लोकांसमोर जोडलेली चित्रं नेत नाही. एआयच्या टूलनं त्याच डिझाइनचा चालता प्रोटोटाइप बनवते, ज्यात आकडा खरोखर टाइप होतो, बेरीज खरोखर होते, आणि चुकलं तर चूक दिसते. हे काम आता एका डिझायनरला एक-दोन दिवसांत जमतं. पण डिझाइन टूलमध्ये टाकलं की प्रोटोटाइप बाहेर पडतो, इतकं ते सरळ नाही. कुठे वेळ द्यायचा आणि कुठे नाही, हे मी त्याच बचत गटाच्या ॲपवरून सांगते.

चित्रात काय नसतं

चित्रावरून कोड बनवायचे प्रयत्न जुने आहेत. २०१७ मध्ये 'पिक्स टू कोड' नावाचं संशोधन आलं होतं. एका स्क्रीनशॉटवरून ते मांडणीचा कोड लिहायचं. बटण कुठे आहे हे त्याला ओळखता यायचं. ते दाबल्यावर काय व्हायला हवं हे कळायचा मार्ग नव्हता, कारण ती माहिती चित्रात नसतेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये टीएलड्रॉ या ऑनलाइन फळ्याच्या 'मेक रिअल'नं पुढची पायरी दाखवली: पांढऱ्या फळ्यावर चौकोन काढा, शेजारी चार शब्द लिहा, आणि चालणारं पान मिळवा. तिथेही खरं काम त्या शेजारच्या चार शब्दांनी केलं.

आजची टूल्स चित्रात नसलेली वागणूक स्वतःच्या अंदाजानं भरून काढतात. अंदाज बरोबर निघाला तर आपण खूश होतो. चुकला तर बऱ्याचदा आपल्याला कळतही नाही, कारण स्क्रीन सुबक दिसत असते. म्हणून या लेखात मी सर्वांत जास्त जागा वागणूक लिहून काढण्याला दिली आहे आणि टूल निवडण्याला सर्वांत कमी.

पहिली पायरी: एक प्रश्न ठरवा

अख्खं ॲप चालतं करायच्या भरीला पडू नका. लोकांसमोर बसल्यावर कुठल्या एका प्रश्नाचं उत्तर हवंय ते आधी एका वाक्यात लिहा. माझा प्रश्न होता: बैठक चालू असताना, चौदा जणींचे पैसे गोळा होत असताना, कोषाध्यक्ष ताई वही न उघडता नोंद करू शकतात का?

या वाक्यानं अकरापैकी सात स्क्रीन बाहेर गेल्या. लॉगिन, गटाची नोंदणी, सेटिंग्ज, सूचना यांतलं काहीच या प्रश्नाला लागत नव्हतं. उरल्या चार: सदस्यांची यादी, रक्कम नोंदवणं, झालेल्या नोंदीची विभागणी आणि बैठकीचा एकूण हिशेब. चार स्क्रीन नीट चालणं हे अकरा स्क्रीन अर्धवट चालण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे.

दुसरी पायरी: फिग्माची फाइल आवरा

टूलला डिझाइन दोन प्रकारे देता येतं, स्क्रीनशॉट म्हणून किंवा फिग्माची फ्रेम (फाइलमधली मूळ स्क्रीन) म्हणून. स्क्रीनशॉट दिला तर अंतरं, रंग, अक्षरांचे आकार हे सगळं टूल नजरेनं ताडतं. फ्रेम दिली तर तेच आकडे थेट मिळतात. शिवाय लेअरची (स्क्रीनवरच्या एकेका घटकाची) रचनाही मिळते, पण ती रचना नीट असेल तरच तिचा फायदा होतो.

तीन गोष्टी करा. एक, प्रत्येक यादी आणि प्रत्येक कार्ड ऑटो लेआउटमध्ये (मजकुराप्रमाणे जागा आपोआप जुळवणारी फिग्माची सोय) असू द्या. तसं नसेल तर टूल प्रत्येक वस्तू पानावर ठरावीक जागी ठोकून बसवतं. मग ३६० रुंदीच्या फोनवर ठीक दिसणारी स्क्रीन मोठ्या फोनवर एका बाजूला सरकते आणि मोठं नाव आलं की खालच्या ओळीवर चढतं. दोन, लेअरना नावं द्या. 'फ्रेम ४२७'वरून टूलला काही कळत नाही. 'सदस्य ओळ', 'रक्कम चौकट', 'जतन बटण' यावरून कळतं. पुढे सूचना देतानाही हीच नावं वापरता येतात. तीन, रंग आणि अंतरं व्हेरिएबल (नाव देऊन साठवलेली किंमत) म्हणून बांधा, म्हणजे कोडमध्येही ती एकाच जागी येतात आणि नंतर एका वाक्यात बदलता येतात.

लपवून ठेवलेले जुने लेअर काढून टाका. माझ्या एका फाइलमध्ये बाद केलेलं एक 'एसएमएस पाठवा' बटण लपवलेलं राहिलं होतं. प्रोटोटाइपमध्ये ते दिमाखात हजर झालं आणि एका ताईंनी ते दाबूनही पाहिलं.

तिसरी पायरी: वागणूक-पत्रक लिहा

खरं काम इथं आहे. मी एक साधं पान घेते आणि मराठीत, गटातल्या बायका बोलतात त्याच शब्दांत, प्रत्येक प्रसंगी स्क्रीननं कसं वागायचं ते लिहिते. बचत, मुद्दल, व्याज, दंड, थकबाकी, शिल्लक हेच शब्द. 'ट्रान्झॅक्शन' लिहिलं की टूल बँकेच्या ॲपसारखं वागायला लागतं, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात सरळ प्रसंगानं करा. एका सदस्येवर ५,००० रुपये मुद्दल बाकी आहे. या महिन्याचं व्याज १००, बचत २००, मुद्दलाचा हप्ता ५००. एकूण ८००. तिनं ८०० दिले, जतन केलं, यादीत तिच्या नावापुढे 'पूर्ण' आलं.

मग वाकडे प्रसंग लिहा, आणि ते मनानं रचू नका. वहीची मागची पानं चाळा, नाहीतर ज्यांचं काम आहे त्यांना विचारा. मी ताईंना एवढंच विचारलं, "गेल्या सहा महिन्यांत हिशेब कधी अडला?" त्यांच्या उत्तरातून ही यादी झाली:

सदस्येनं ५०० दिले: आधी व्याज १००, मग बचत २००, उरलेले २०० मुद्दलात. मुद्दल बाकी ४,८००, पुढच्या महिन्याचं व्याज ९६. नावापुढे 'अर्धवट'.

फक्त ५० दिले: सगळे व्याजात. थकीत व्याज ५०, थकीत बचत २००.

ती आली नाही, पण जावेबरोबर पैसे पाठवले: नोंद नेहमीसारखी, हजेरी मात्र गैरहजर.

ती आली नाही आणि पैसेही नाहीत: दंड १० रुपये, व्याज आणि बचत थकीत.

सगळं कर्ज फेडलं, म्हणजे ५,३०० दिले: मुद्दल बाकी शून्य, कर्जाची ओळ स्क्रीनवरून जाते, फक्त बचत उरते.

चुकून दुसरीच्या नावावर नोंद झाली: नोंद पुसता येते, पण कोणती नोंद पुसली ते शेवटच्या हिशेबात दिसतं.

शेवटची ओळ मला कधीच सुचली नसती. ती ताईंकडून आली, आणि त्यामागे गटातलं एक जुनं भांडण होतं.

हे पत्रक नसताना काय होतं तेही सांगते, कारण मी आधी तसंच करून पाहिलं होतं. पाचशे रुपये टाकल्यावर टूलनं ती रक्कम तिन्ही खात्यांत प्रमाणात वाटली: बचत १२५, व्याज ६२.५०, मुद्दल ३१२.५०. बेरीज बरोबर पाचशे. दिसायला इतकं नेमकं, की मी स्वतः दोन मिनिटं ते बरोबर धरून चालले होते. पण बचत गटात असा हिशेब कुणी करत नाही. नियम लिहिलेला नव्हता, म्हणून टूलनं गणिताच्या पुस्तकातला नियम लावला.

चौथी पायरी: टूल निवडा, पण फार वेळ घालवू नका

डिझाइन फिग्मात असेल तर फिग्मा मेकपासून सुरुवात करा. मे २०२५ मध्ये ते जाहीर झालं. फ्रेम तिथेच चिकटवता येते आणि चालतं पान मिळतं. व्हर्सेलचं व्ही झिरो रिॲक्टमध्ये (वेब ॲपसाठीची जावास्क्रिप्ट लायब्ररी) कोड लिहितं, म्हणून पुढे तुमच्या इंजिनिअरना तोच कोड चाळायचा असेल तर ते सोयीचं पडतं. बोल्ट आणि लव्हेबल ही अख्खं छोटं ॲप उभं करणारी टूल्स आहेत. एखाद-दुसऱ्या स्क्रीनची वागणूक पटकन तपासायची असेल तर क्लॉड या एआयचं आर्टिफॅक्ट (चॅटच्या शेजारीच चालणारं छोटं पान) पुरतं. हातात अजून डिझाइनच नसेल आणि नुसत्या शब्दांतून स्क्रीन हव्या असतील, तर गुगलचं स्टिच त्यासाठीच आहे.

तुमच्याबरोबर इंजिनिअर काम करत असतील तर आणखी एक वाट आहे. फिग्माचा एमसीपी सर्व्हर (एआयच्या टूलला फिग्माची फाइल वाचू देणारा दुवा) जोडला की कर्सर किंवा क्लॉड कोडसारखं कोड लिहिणारं टूल फाइलमधली रचना, व्हेरिएबल आणि कॉम्पोनंट थेट वाचतं. तुमची स्वतःची डिझाइन सिस्टिम (ठरलेल्या बटणं, रंग, घटकांचा संच) कोडमध्ये असेल तेव्हा हा मार्ग फार चांगला आहे. चार स्क्रीनच्या प्रोटोटाइपसाठी एवढी जुळवाजुळव नको.

फिग्माच्या नेहमीच्या प्रोटोटाइपिंगमध्येही २०२३ पासून व्हेरिएबल आणि अटी आल्या आहेत. दोन-तीन स्थितींचं काम त्यावर भागतं. चौदा सदस्यांचा हिशेब त्यात बसवायला गेलात तर बाणांचं असं जाळं होतं की दुसऱ्या दिवशी आपलंच आपल्याला उलगडत नाही.

सगळ्या टूल्समध्ये फुकटच्या वापराला मर्यादा असते. म्हणून पत्रक तयार होईपर्यंत टूल उघडू नका. अर्ध्या विचारानं विचारलेले दहा प्रश्न मर्यादा संपवतात आणि कामाच्या वेळी हात रिकामे राहतात.

पाचवी पायरी: पहिला प्रॉम्प्ट

पहिल्या निरोपात, म्हणजे टूलला दिलेल्या प्रॉम्प्टमध्ये, चार गोष्टी हव्यात: कोण वापरणार, कुठे वापरणार, वागणूक-पत्रक, आणि काय करू नये. माझा निरोप साधारण असा होता:

"सोबतच्या चार फ्रेम एका बचत गटाच्या ॲपच्या आहेत. वापरणार गटाच्या कोषाध्यक्ष, अँड्रॉइड फोनवर, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पैसे अशा स्थितीत. मांडणी, रंग आणि मजकूर फ्रेमप्रमाणेच ठेव. मजकुराचं भाषांतर किंवा दुरुस्ती करू नको. खालचं वागणूक-पत्रक तंतोतंत पाळ. पत्रकात नसलेला प्रसंग आला तर स्वतः नियम बनवू नको, मला विचार. लॉगिन, डेटाबेस, ॲनिमेशन नको. माहिती ब्राउझरमध्येच साठव, म्हणजे पान पुन्हा उघडलं तरी नोंदी राहतील. कोड लिहायच्या आधी तुला पडलेले प्रश्न मांड."

शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. त्या वाक्यावर मला सहा प्रश्न परत आले. त्यातला एक होता, "८०० ऐवजी ९०० दिले तर जास्तीचे १०० कुठे जमा करायचे?" माझ्या पत्रकात हे नव्हतं. मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तिला विचारायचं. काही जणी मुद्दलात टाका म्हणतात, काही जणी पुढच्या महिन्याची बचत म्हणतात." म्हणजे तिथे दोन बटणं लागणार होती. एकही ओळ कोड लिहून होण्याआधी डिझाइन सुधारलं.

भाषेबद्दल एक गोष्ट. निरोप मराठीत लिहिला तर चालतो, मोठ्या टूल्सना मराठी समजतं. ऑटो लेआउट, बटण, स्क्रोल असे तांत्रिक शब्द रोजच्या इंग्रजी नावांनीच लिहा. त्यांचे मराठी प्रतिशब्द घातले तर टूल गोंधळतं.

पान पुन्हा उघडल्यावर नोंदी राहण्याचा आग्रह मी का धरला? बैठकीत मध्येच कुणाचा तरी फोन येतो. परत यावं तर पान कोरं झालेलं असतं. आठ जणींच्या नोंदी गेल्या की चाचणी तिथेच संपते.

सहावी पायरी: मराठी अक्षरांची काळजी घ्या

इंग्रजी स्क्रीनवर सहसा न दिसणारे बिघाड इथे दिसतात, आणि टूल ते स्वतःहून सुधारत नाही. मराठीत काम करणाऱ्यांनी ही तपासणी प्रत्येक वेळी करावी.

ओळींमधलं अंतर आधी बघा. बरीच टूल्स शीर्षकाला अक्षराच्या १.२ पट उंची देतात. देवनागरीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षराचा दुसरा मजला. 'मुद्दल' आणि 'वर्गणी' एकाखाली एक आले की एकमेकांना भिडतात किंवा वरचं टोक कापलं जातं. दीडपट किंवा थोडी जास्त उंची मागा. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच ठेवायला सांगा. देवनागरीत ते वाढवलं की शिरोरेषा तुटते, आणि कमी केलं की अक्षरं एकमेकांवर चढतात.

पानाची भाषा 'मराठी' अशी जाहीर करायला सांगा. एचटीएमएलच्या भाषेच्या खुणेत मराठीचा कोड 'एमआर' असतो. टूल तिथे बहुधा इंग्रजी ठेवून देतं. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतील, तर ही खूण असल्याशिवाय ते उमटत नाहीत.

नावाच्या आद्याक्षराचं गोल चित्र टूलला फार आवडतं. माझ्या यादीतल्या एका 'ज्ञानेश्वरी'च्या गोलात नुसता 'ज' आला. संगणकाच्या लेखी 'ज्ञ' हा ज, हलन्त आणि ञ मिळून होतो, आणि टूलनं पहिलं चिन्ह उचललं. 'श्रद्धा'चं 'श' झालं ते याच कारणानं. मी ते गोलच काढून टाकले. चौदा जणींत तीन सुनीता असतील तर आद्याक्षराचा तसाही उपयोग नसतो. पूर्ण नाव आणि आडनाव दोन ओळींत बसवलं, तेच वाचायला सोपं पडलं. मजकूर लांब झाला म्हणून तो ठरावीक अक्षरांवर कापायची पद्धतही अशीच घातक आहे. जोडाक्षर मध्येच तुटतं आणि शेवटी पाय मोडलेलं अक्षर लोंबकळतं.

आता अंक. ब्राउझरच्या अंक-मांडणीत मराठी निवडलं की १२,३४,५६७ असे देवनागरी अंक आणि लाख-हजारांचे स्वल्पविराम दोन्ही आपोआप मिळतात. दाखवण्यापुरतं हे उत्तम. पण फोनच्या अंकांच्या कीपॅडवरून सहसा इंग्रजी अंक येतात, आणि कुणी मराठी कीबोर्डवरून २०० लिहिलंच तर जावास्क्रिप्टला ती संख्या वाटत नाही. म्हणून टूलला सांगा: कुठल्याही लिपीतले अंक आले तरी आधी त्यांचं रूपांतर कर, मग बेरीज कर. हे सांगितलं नाही तर हिशेबाच्या जागी रिकामी चौकट किंवा अगम्य इंग्रजी अक्षरं येतात.

सातवी पायरी: बनावट, पण खरीखुरी वाटणारी माहिती

गटातल्या बायकांची खरी नावं, फोन नंबर, आधार किंवा खाते क्रमांक टूलमध्ये कधीही घालू नका. प्रोटोटाइपचा दुवा बऱ्याचदा मिळेल त्याला उघडता येतो, आणि कुणाचं किती कर्ज थकलंय ही गावात फार नाजूक गोष्ट आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हा आपल्याकडे आहेच, पण कायदा नसता तरी हे करायचं नव्हतं.

त्याच वेळी 'सदस्य १, सदस्य २' अशी माहितीही घालू नका. टूलनं स्वतः बनवलेली नावं छोटी आणि सोयीची असतात. तुम्ही स्वतः चौदा नावं लिहा: दोन-तीन सारखी, एक खूप लांब, एक जोडाक्षरांची. आकडेही वेगवेगळ्या स्थितींचे: कुणावर कर्ज नाही, कुणाचा शेवटचा हप्ता, कुणाची तीन महिन्यांची थकबाकी.

आणि टूलकडून एक 'चाचणी पट्टी' बनवून घ्या. शीर्षकावर पाच वेळा टिचकी मारली की उघडणारी, एरवी न दिसणारी. तिच्यात तीन बटणं: कोरी बैठक, अर्धी झालेली बैठक, थकबाकी असलेली बैठक. पाच जणींबरोबर एकापाठोपाठ बसायचं असतं तेव्हा प्रत्येकीपुढे तीच सुरुवातीची स्थिती एका क्षणात आणता येते. या पट्टीनं वाचवलेला वेळ मी मोजलेला नाही, पण तिच्याशिवाय आता मी बैठकीला जात नाही.

आठवी पायरी: दुरुस्ती

पहिली आवृत्ती आली की आधी हिशेब तपासा, देखणेपणा नंतर. मी पत्रकातले पाच आकडे, ८००, ५००, ५०, ० आणि ५,३००, कागदावर हातानं सोडवून ठेवते आणि प्रत्येक बदलानंतर पाचही टाकून बघते. कंटाळवाणं काम आहे. पण एकदा बटणाचा रंग बदलायला सांगितला तेव्हा व्याजाचा क्रम बदलून आला होता, आणि तो याच तपासणीत सापडला.

एका निरोपात एकच बदल सांगा. जागा, सध्या काय होतंय, काय व्हायला हवं, आणि कशाला हात लावायचा नाही. "रक्कम नीट येत नाही" हे टूलला पुरत नाही. "रक्कम चौकटीत ५०० टाकून जतन केलं की विभागणी स्क्रीनवर मुद्दल ३०० येतं, २०० यायला हवं, क्रम व्याज, बचत, मुद्दल असा आहे, यादी स्क्रीनला हात लावू नको" हे पुरतं.

तीच चूक दोनदा सांगूनही सुधारली नाही तर तिसऱ्यांदा सांगत बसू नका. आधीच्या चांगल्या आवृत्तीवर परत जा आणि सूचना नव्यानं लिहा. वाद जितका लांबतो तितका कोड गुंतत जातो, हे मी बराच वेळ घालवून शिकले आहे. म्हणूनच प्रत्येक चालत्या आवृत्तीला नाव देऊन ठेवा: 'अर्धवट रक्कम बरोबर', 'पुसणं बरोबर'.

मग दिसण्याकडे या. बोटानं दाबायच्या जागा अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे किमान ४८ डीपी (अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) उंच आहेत का, मजकूर आणि पार्श्वभूमीचा उजळपणा किमान ४.५ ला १ इतका वेगळा आहे का, हे बघा. टूल 'आहे' म्हणेल. तुम्ही स्वतः मोजा. आमची बैठक देवळाच्या ओसरीत, दुपारी तीनला होती. माझ्या लॅपटॉपवर शांत वाटणारा राखाडी मजकूर तिथल्या उन्हात दिसतच नव्हता.

नववी पायरी: लोकांसमोर बसणं

दुवा आदल्या दिवशी स्वतः मध्यम किमतीच्या फोनवर उघडून बघा, लॅपटॉपवर नाही. गावात नेटवर्क मिळेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी पान एकदा पूर्ण उघडून ठेवा.

किती जणींबरोबर बसायचं? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलं होतं की पाच जणांबरोबरच्या चाचणीत बहुतेक अडचणी दिसतात, आणि एकदाच पंधरा जणांना बसवण्यापेक्षा दुरुस्त करत तीनदा पाच-पाच जणांकडे जाणं बरं. एआयमुळे हे खऱ्या अर्थानं परवडायला लागलं आहे, कारण दोन फेऱ्यांमधली दुरुस्ती आता एका संध्याकाळी होते.

काम सांगा, रस्ता सांगू नका. "इथं दाबा" म्हणालात की चाचणी संपली. "सुनीतानं पाचशे दिलेत, लिहून घ्या" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. बोट कुठे थबकतं, काय मोठ्यानं वाचलं जातं, नजर वहीकडे केव्हा वळते, ते टिपा. समोरची अडखळली तर आपला हात फोनकडे जातो. तो आवरणं मला अजूनही जड जातं.

आणि समोरच्यांना स्पष्ट सांगा की हा नमुना आहे, इथल्या नोंदी खऱ्या नाहीत, वही चालूच ठेवा. चालता प्रोटोटाइप इतका खरा वाटतो की एका ताईंनी मला विचारलं होतं, "म्हणजे आता वही नको ना?" चित्रांच्या वेळी हा धोका नव्हता.

इंजिनिअरना काय द्यायचं

हा कोड तसाच ॲप म्हणून बाहेर काढू नका. त्यात सुरक्षा नाही, दोन फोनवरून एकाच वेळी नोंद केली तर काय याचा विचार नाही, आणि माहिती एका ब्राउझरमध्ये पडलेली आहे. इंजिनिअरना प्रोटोटाइपचा दुवा द्या, सोबत अद्ययावत वागणूक-पत्रक आणि हातानं सोडवलेले ते पाच आकडे. आमच्या इंजिनिअरनी त्याच पाच आकड्यांच्या स्वयंचलित चाचण्या लिहिल्या आणि कोड स्वतःच्या पद्धतीनं नव्यानं लिहिला. प्रोटोटाइपमधून त्यांनी एकही ओळ उचलली नाही, पत्रकातली एकही ओळ सोडली नाही.

पुढच्या महिन्यात मी त्याच ओसरीत चालता प्रोटोटाइप घेऊन गेले. ताईंनी ५०० टाकले. व्याज १००, बचत २००, मुद्दल २००, बाकी ४,८०० असं आलं. त्यांनी बोटांवर हिशेब जुळवला, मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. चौदाही नोंदी फोनवर झाल्या. मग त्या एकूण हिशेबाच्या स्क्रीनवर आल्या आणि थांबल्या. "हे मला सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं असतं," त्या म्हणाल्या, "आणि चष्मा घरी राहतो. अक्षर मोठं होईल का? आणि एकेक नाव वेगळं?"

पत्रकात मी नवी ओळ लिहिली: बैठकीच्या शेवटी 'वाचून दाखवा' बटण, एका वेळी एकच नाव, रक्कम मोठ्या अक्षरात, पुढचं नाव बोट सरकवून. संध्याकाळी एसटीत बसल्या बसल्या ती टूलला पाठवली.